खाण नको, खाणीनंतरचा कारखाना द्या

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जळगाव व धुळे जिल्ह्यांत क्रिटिकल मिनरल्सचे संकलन, विलगीकरण आणि शुद्धीकरण यांची सोय उभारण्याबाबत

महोदय,



खान्देशातून मंत्रालयात जाणारी पत्रे बहुतेक एकाच धाटणीची असतात. कापसाला भाव द्या, केळीचा विमा द्या, पाडळसरे धरणाचे पाणी द्या. हेही मागणीचेच पत्र आहे, फक्त मागणी निराळी आहे. लिथियम, कोबाल्ट, निओडिमियम ही नावे आता रोजच्या बातम्यांत येतात आणि प्रत्येक जिल्ह्याला वाटते, आपल्याकडेही काहीतरी सापडावे. खान्देशात ते सापडणार नाही. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत खाली आहे तो दख्खनचा काळा बेसाल्ट आणि त्यावर तापीने पसरलेला गाळ. या दगडाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे देखणे स्फटिक मिळतात. ‘जळगाव’ अशी चिठ्ठी लावून ते जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत बसले आहेत. शोभेला उत्तम, पण बॅटरीला निरुपयोगी. तेव्हा आम्ही खाण मागत नाही. खाणीनंतर जे काम असते, धातू गोळा करण्याचे, वेगळा करण्याचे, शुद्ध करण्याचे, ते आमच्याकडे द्या, एवढेच म्हणणे आहे.

मी शास्त्रज्ञ नाही की उद्योजकही नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज दोन्ही जिल्ह्यांत मोटारींचे वाइंडिंग भरतात, सोलर पंप बसवतात, ई-रिक्षा दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानांत बसून जे दिसते, ते आपल्या फायलीत येत नसावे, म्हणून लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा विषय मोबाईलवाल्यांचा आणि मोटारवाल्यांचा आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे आमच्याकडेही बरेच जण मानतात. केंद्रीय खाण मंत्रालयाने जून 2023 मध्ये 30 क्रिटिकल मिनरल्सची, म्हणजे देशाला अत्यावश्यक खनिजांची, यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, ग्रॅफाइट, रेअर अर्थ तिच्यात आहेतच. पण तांबे आहे, सिलिकॉन आहे, आणि पोटॅशसुद्धा आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्याला पोटॅश म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. केळीइतके पोटॅश खाणारी पिके थोडी, आणि आपला देश म्युरेट ऑफ पोटॅश जवळपास सगळे बाहेरून आणतो. 2021-22 मध्ये आधी बेलारूसवर निर्बंध आले, मग युक्रेनचे युद्ध पेटले, आणि हजाराच्या आसपास मिळणारे पोते सतराशे रुपयांवर गेले. सावद्याच्या कृषी केंद्रासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने बेलारूसचे नाव त्याआधी ऐकलेही नसेल. पुरवठ्याची साखळी दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, हे त्याला त्या दिवशी कळले.

तीच गोष्ट पुण्याच्या कारखानदाराला 2025 मध्ये कळली. 4 एप्रिलला चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोटारीत निओडिमियम या रेअर अर्थ धातूचे चुंबक लागते आणि उष्णतेत ते टिकावे म्हणून त्यात थोडे डिस्प्रोसियम घालतात. किमतीच्या हिशेबात हा भाग किरकोळ. पण तो आला नाही तर गाडी कारखान्याबाहेर पडत नाही. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात बजाजला चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. त्यानंतर केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये चुंबकनिर्मितीसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला 6,000 टन चुंबके देशात तयार व्हावीत, हे तिचे उद्दिष्ट. त्याआधी जानेवारीत 16,300 कोटींचे राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झाले होते. म्हणजे पैसा आहे आणि इच्छाही दिसते. तो पैसा साखळीच्या कोणत्या कडीवर खर्च व्हावा, याबद्दल माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे खाणीचे आकर्षण फार. फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूतल्या रियासीला 59 लाख टन लिथियमयुक्त खनिजाच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला, तेव्हा देशभर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. पुढे लिलाव काढला, पुरेसे बोलीदारच आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. महाराष्ट्रातही नागपूरजवळ कुही-खोबण्याला टंगस्टन आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. ही नावे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कितीतरी वर्षे आहेत आणि पुस्तकांतच आहेत. खनिज जमिनीत असणे आणि धातू हातात येणे यांच्यात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते आणि मध्ये शुद्धीकरणाचा कारखाना असतो. चीनची ताकद खाणींपेक्षा त्या कारखान्यांत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2025 च्या अहवालात 20 महत्त्वाची खनिजे तपासली. त्यांपैकी 19 च्या शुद्धीकरणात चीन पहिला निघाला आणि त्याचा सरासरी वाटा 70 टक्क्यांच्या घरात. दगड ऑस्ट्रेलियातून येवो की काँगोतून, शुद्ध होतो तो बहुतांशी तिथेच.

खान्देशाला हा व्यवहार नवा नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकेचा कापूस थांबला आणि इंग्रजांना खान्देश आठवला. त्याच सुमारास जीआयपी रेल्वे भुसावळपर्यंत पोचली. भाव गगनाला भिडले, शेतकऱ्याने ज्वारी-बाजरी मोडून कापूस लावला, गाठी मुंबईमार्गे समुद्रापार गेल्या. युद्ध संपले, भाव कोसळले आणि मागे राहिले ते सावकाराचे कर्ज. आमचा माल कच्चा गेला, तिकडे सूत झाला, कापड झाला, आणि आम्ही तेच कापड विकत घेतले. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे इथे गिरण्या निघाल्या तेव्हा कुठे त्या मालातला थोडा पैसा इथल्या कामगाराच्या घरात शिरला. साखळीतली मधली कडी ज्याच्या हाती, त्याच्याकडे नफा थांबतो, हे या मुलखाने कापसात अनुभवले आहे. आज तोच प्रकार भंगारात चालू आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो.

धुळ्याला माझ्या एका विद्यार्थ्याचे रिवाइंडिंगचे दुकान आहे. पूर्वी तिथे फक्त विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी येत. आता स्कूटरच्या चाकातली मोटार येते. ती उघडण्याची त्याची रीत पाहण्यासारखी असते. चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू काढायचे आणि पुलरने आतला स्टेटर हळूहळू ओढायचा. चुंबकाची ओढ इतकी, की बोट मध्ये सापडले तर नख जायचे. स्टेटर बाहेर आला की त्यावरची तांब्याची तार. तार जळालेली असेल तर नवी भरायची, मोटार अगदीच गेलेली असेल तर तांबे काढून किलोवर विकायचे. उरते ती लोखंडी रिंग. तिच्या आतल्या कडेला चपटी, चंदेरी चुंबके ओळीने चिकटवलेली असतात. या चुंबकाच्या वजनात साधारण तीस टक्के रेअर अर्थ असते. ज्याच्यासाठी केंद्र सरकार सात हजार कोटी खर्च करायला निघाले आहे, तेच हे. माझ्या विद्यार्थ्याने ती रिंग कोपऱ्यातल्या लोखंडाच्या ढिगावर फेकली. “याचं काय करतोस?” म्हणून विचारले, तर म्हणाला, “सर, हाई लोखंडमाच जास. कोन लेस याले?”

खरेच, कोण घेणार? लोखंडाचा ढीग मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो, तिथून ट्रक भरून जालन्याच्या भट्ट्यांकडे. भट्टीत लोखंड वितळून सळई होते. निओडिमियमला प्राणवायूची ओढ जबरदस्त, ते जळून स्लॅगमध्ये जाते आणि स्लॅग कुठल्यातरी खड्ड्यात भरला जातो. एकदा तिथे गेलेले निओडिमियम परत काढणे परवडत नाही. चीनकडे परवाना मागून आणलेली वस्तू आपण खड्ड्यात पुरतो, आणि यात कुणाचाही गुन्हा नसतो. दुकानदाराला तांब्याचा भाव माहीत आहे, लोखंडाचा आहे. चुंबकाचा भाव त्याला कुणी सांगितलेलाच नाही.

बॅटरीची कथा थोडी निराळी. मोबाईल आणि लॅपटॉपच्या बॅटरीत कोबाल्ट असते, म्हणून तिला गिऱ्हाईक आहे. ई-रिक्षा आणि नव्या बऱ्याच गाड्यांत येणारी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मात्र कुणाला नको असते. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, लिथियम आहे ते थोडे, आणि ते काढण्याचा खर्च जास्त. त्यातून भंगारवाल्याला तिची भीती. फुगलेला सेल उन्हात ठेवला, चुकून ठोकला, तर गोदामाला आग लागते. म्हणून तो मिळेल त्या भावाने ती बाहेरच्या व्यापाऱ्याला देतो. पुढे ती कुठे जाते, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. जी बॅटरी नोंदणीकृत कारखान्यात पोचते, तिचेही अनेकदा दळून काळी भुकटी करण्यापर्यंतच काम होते. या धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट सगळे त्या भुकटीत असते आणि ती भुकटी शुद्धीकरणासाठी देशाबाहेर जाते. पुन्हा कापसाच्या गाठीच.

कायदा नाही असे नाही. बॅटरी कचरा नियम 2022 मध्ये आले. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उत्पादकाने आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यायची, पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची, अशी ही पद्धत. पण ई-कचऱ्यात ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंच्या हिशेबाने निघतात. निओडिमियम काढले म्हणून कुणाला प्रमाणपत्र मिळत नाही. मग ते काढण्यासाठी कोण धडपडेल? दुकानातल्या ढिगाऱ्यापासून दिल्लीच्या पोर्टलपर्यंत चुंबकाचा रकाना कुठेही नाही.

आता प्रश्न येतो, हे काम खान्देशातच का? कारण फेकलेल्या वस्तूतून धातू काढण्याचे कसब इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. जळगावला लोक सुवर्णनगरी म्हणतात. सराफ बाजारात बाहेरगावचे लोक दागिने पाहायला जातात. आम्ही मात्र झारेकऱ्यांनाही ओळखतो. सोनाराच्या दुकानाची झाडलोट, भट्टीची राख, मोरीतला गाळ, हे सगळे ते विकत घेतात, धुतात, चाळतात आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे करतात. केरासाठी पैसे मोजणारा माणूस दुसऱ्या कोणत्या धंद्यात सापडेल? आज परदेशातले तज्ज्ञ ज्याला शहरी खाणकाम म्हणतात, ते काम झारेकरी कुठल्याही अनुदानाशिवाय करत आला आहे. अर्थात, त्याच्या हाताला आम्ल लागते, धूर छातीत जातो, हेही तितकेच खरे. त्याला सुरक्षित जागा आणि साधने मिळाली पाहिजेत, हा माझ्या मागणीचा भाग आहे.

शुद्धीकरणाचा मोठा कारखानाही या भागाने पाहिला. धुळे जिल्ह्यात शिरपूरला सोन्याची रिफायनरी उभी राहिली होती. पुढे ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. त्या कारणांत मी शिरत नाही. पण धातुशुद्धीकरणाचा कारखाना तापीकाठी चालू शकतो, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि चालता कारखाना अडचणीत येऊ शकतो, हेही पाहिले आहे. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने जुने प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे करतात आणि त्यावर कित्येक कुटुंबे जगतात. डाळ मिलमध्ये रंग ओळखून खडा वेगळा करणारी सॉर्टेक्स यंत्रे आहेत आणि ती दुरुस्त करणारी मुले इथलीच. पाइप, ठिबक, सोलर पंप यांचे कारखाने आहेत. आणि अमळनेरची गोष्ट तर आपल्याला ठाऊकच असेल. 29 डिसेंबर 1945 रोजी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही तेल आणि वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली. तीच पुढे विप्रो झाली आणि संगणकात गेली. शेंगदाण्याच्या तेलातून संगणकापर्यंत जाणाऱ्या कंपनीचा पाया ज्या तालुक्यात घातला गेला, तिथल्या मुलांना जुन्या संगणकातून धातू काढायला शिकवणे अवघड नाही.

दळणवळणाचे सांगायलाच नको. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. भुसावळ हे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक. मनमाड-इंदूर हा 309 किलोमीटरचा नवा मार्ग केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला, त्याची किंमत 18,036 कोटी, आणि तो धुळे, नरडाण्यावरून जातो. शुद्धीकरणाला वीज लागते, आणि साक्री तालुका शिवाजीनगरच्या 125 मेगावॅट सौरप्रकल्पाने व ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांनी भरलेला आहे. त्या पवनचक्क्या आणि ते पॅनेल कधीतरी जुने होणारच. त्यांतले तांबे, चांदी, सिलिकॉन कुठे जाणार, हे आजच ठरवता येईल.

आता आक्षेपांकडे येतो, कारण आपल्या अधिकाऱ्यांची टिपणी मला आत्ताच दिसते आहे.

पहिला आक्षेप मालाचा. दोन जिल्ह्यांच्या भंगारावर शुद्धीकरणाचा कारखाना चालेल का? नाही चालणार. पण मालेगाव, नाशिक, नंदुरबार, बुऱ्हाणपूर, सुरत, इंदूर ही सगळी शहरे रात्रीच्या ट्रकच्या टप्प्यात आहेत. छत्रपती संभाजीनगर जळगावपासून दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर, आणि तिथल्या ऑरिक वसाहतीत विजेवरच्या गाड्यांचे मोठे प्रकल्प येत आहेत. बॅटरीच्या पुनर्चक्रणात सुरुवातीची काही वर्षे रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांपेक्षा कारखान्यात नापास झालेला माल जास्त मिळतो, हा जगभरचा अनुभव आहे. तो माल गुजरातला किंवा तेलंगणला जाण्याआधी आपण ठरवले पाहिजे.

दुसरा आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो खोटा नाही. काळ्या भुकटीतून धातू काढायचा म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आले, द्रावके आली, शेवटी सोडियम सल्फेटचे खारट पाणी आले. हे पाणी पांझरा किंवा गिरणा नदीत सोडले तर आज कारखाना मागणारा माझ्यासारखा माणूस उद्या गेटवर धरणे धरून बसेल. म्हणून सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी व्यवस्था आधी आणि उत्पादन नंतर, अशी अट घाला. रावेर आणि यावल तालुक्यांत भूजलाचा अतिउपसा झालेला आहे. तिथे हा कारखाना अजिबात नको. केळीच्या मुळाशी ॲसिडचे पाणी गेले तर पोटॅश वाचवून काय करायचे?

तिसरा आक्षेप जमिनीचा. तो आपले अधिकारी घेणार नाहीत, म्हणून मीच घेतो. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला ते गेले. वीज प्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन गेली होती, मोबदला मिळाला होता चार लाखांच्या आसपास. हे खान्देशात कुणी विसरलेले नाही. देशाच्या गरजेचा प्रकल्प आला की आधी कुणाची जमीन जाते, हा प्रश्न नरडाण्यापासून दोंडाईचापर्यंत प्रत्येक चावडीवर विचारला जाईल. म्हणून या कामासाठी एक गुंठाही नवी जमीन घेऊ नका. जळगाव, भुसावळ, अवधान, नरडाणा इथल्या औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षे अडवून ठेवलेले किती प्लॉट पडून आहेत ते मोजा आणि त्यांतलेच द्या.

आता नेमक्या मागण्या लिहितो.

1. प्रत्येक तालुक्याला एक संकलन केंद्र असावे आणि ते आज धंद्यात असलेल्या भंगार व्यापाऱ्यांमार्फत चालावे. त्यांची नोंदणी सोपी करा, बॅटरी ठेवायला आगीपासून सुरक्षित खोली आणि वाळूच्या बादल्या द्या, डिस्चार्ज करण्याचे साधन द्या. बाजार समितीच्या फलकासारखा रोजचा भाव तिथे लागला पाहिजे : चुंबक इतके, सर्किट बोर्ड इतके, लिथियम बॅटरी इतकी. भाव कळला की रिंग लोखंडाच्या ढिगावर जाणार नाही.

2. एमआयडीसीत एक सामायिक सुविधा केंद्र उभारा, जिथे लहान उद्योजक भाड्याने यंत्रे वापरून मोटारी उघडतील, चुंबके सोडवतील, बॅटरी दळतील आणि पुढे धातूचे क्षारही काढतील. केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये पुनर्चक्रणासाठी 1,500 कोटींची योजना मंजूर केली आहे. तिच्यातला एकतृतीयांश निधी लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखलेला आहे, यंत्रसामग्रीवर 20 टक्के अनुदान आहे. महत्त्वाचे म्हणजे, नुसती काळी भुकटी करणाऱ्याला हे अनुदान नाही, प्रत्यक्ष धातू काढणाऱ्यालाच आहे. केंद्राने योग्य जागी बोट ठेवले आहे. राज्याने त्यावर आपला वाटा घातला, तर जळगावचा चटईवाला किंवा डाळ मिलवाला यात उतरेल. आज त्याला या योजनेचे नावही माहीत नाही.

3. ई-कचऱ्याच्या प्रमाणपत्रांत चार धातूंच्या पलीकडे निओडिमियम, कोबाल्ट यांसारख्या धातूंचा समावेश व्हावा आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला किमान भावाचा आधार मिळावा, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा.

4. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख तपासून घ्या. राखेत रेअर अर्थ अगदी थोड्या प्रमाणात असतात. ती काढणे परवडेल की नाही, हे मोजल्याशिवाय कुणी सांगू नये. केंद्राच्या मिशनमध्ये राख, खाणीचा टाकाऊ माल, लाल चिखल यांतून खनिजे काढण्याच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी 100 कोटी ठेवलेले आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायनशास्त्राचे आणि रासायनिक तंत्रज्ञानाचे विभाग आहेत. पुण्यात सी-मेट आहे, नागपुरात जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. तिघांनी मिळून नमुने घ्यावेत. उत्तर ‘परवडत नाही’ असे आले, तरी ते उत्तर हाती असलेले बरे.

5. आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत बॅटरी सुरक्षितपणे उघडण्याचा आणि चुंबके सोडवण्याचा छोटा अभ्यासक्रम सुरू करा. त्यात पहिल्या तुकडीत विद्यार्थ्यांबरोबर भंगारवाले, रिवाइंडिंगवाले आणि झारेकरीही असावेत. शिकवायला मी विनामोबदला येईन.

6. सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांतले बंद संगणक, महावितरणचे मीटर, एसटीच्या आगारातला निकामी माल, तहसील कचेऱ्यांतले यूपीएस हे सगळे खोल्यांत कोंबून ठेवलेले असते आणि कधीतरी जास्त बोली लावणाऱ्याला दिले जाते. ते नोंदणीकृत केंद्रालाच गेले पाहिजे. यासाठी नवा पैसा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो.

राष्ट्रीय मिशनमध्ये चार खनिज प्रक्रिया पार्क होणार आहेत. त्यांतला एक खान्देशाला मिळावा, असा माझा हट्ट नाही. ती स्पर्धा बंदरवाल्या आणि खाणवाल्या राज्यांची. पण मोठ्या पार्कला माल पुरवणारी छोटी केंद्रे नसतील, तर पार्कही आयातीच्या कच्च्या मालावरच चालतील आणि चीनऐवजी दुसऱ्या कुणाचे तोंड पाहत बसतील. देशी साखळी उभारायची तर तिचे एक टोक धुळ्याच्या रिवाइंडिंगच्या दुकानात येऊन पोचले पाहिजे.

आपल्याकडून मोठ्या घोषणेची अपेक्षा नाही. एक बैठक लावा. ती मुंबईत नको, जळगावच्या किंवा धुळ्याच्या नियोजन भवनात घ्या. एमआयडीसीचे प्रादेशिक अधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, विद्यापीठ, अग्निशमन दल यांना बोलवालच. त्यांच्या रांगेत भंगार व्यापारी, मोटारी भरणारे आणि झारेकरी यांनाही खुर्च्या द्या, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. या खनिजांचा माल आज त्यांच्याच हातात आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
जळगाव

प्रत : मा. पालकमंत्री, जळगाव जिल्हा, मा. पालकमंत्री, धुळे जिल्हा – माहिती व कार्यवाहीसाठी